एकटीची वाट

शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालीत मोटारसायकलवर एकटीच निघाले, तेव्हा चहावाल्या आजी म्हणाल्या, “बाई, संगं कुणी न्हाई व्हय?”

रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ मागे पडले. साम्रदजवळ डांबर सोडून मातीची वाट धरली. तेथे बसून भागत नाही. फूटरेस्टवर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी आवळावी, नजर दूर ठेवावी. चिखलात पुढला ब्रेक करकचून दाबला, की गाडी आडवीच!

वाचकहो, याच जिल्ह्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. नाव देणे सोपे. लेकीला एकटी पाठवणे अवघड. माझी कॉलेजात जाणारी मुलगी हीच परवानगी मागत होती.

घाटघरच्या कड्याशी इंजिन बंद केले. खाली कोकण पसरले होते. मुलीला हो म्हणायचे, हे तेथेच ठरले.