अंतराळातलं जकात नाकं



या वेळी गावच्या आठवणी बाजूला ठेवून एका इंग्रजी कादंबरीबद्दल लिहितो. डेव्हिड वेबर या अमेरिकन लेखकाची 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन', १९९३ सालची. ऑनर हॅरिंग्टन नावाच्या कॅप्टन बाईंवरच्या लांबलचक मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. विज्ञानकथा म्हणजे माझ्यापुरते जयंत नारळीकर. हा प्रकार अगदीच वेगळा निघाला.

पुस्तक सी. एस. फॉरेस्टर यांना अर्पण केलंय. त्यांचा होरेशिओ हॉर्नब्लोअर हा शिडाच्या जहाजांच्या काळातला इंग्रज नौदल अधिकारी. वेबरने तोच काळ उचलून तारांगणात नेऊन ठेवलाय. जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचे अभेद्य पट्टे, म्हणून मारा करायचा तो मुख्यतः कुशीतून, जुन्या तोफांच्या रांगांसारखा. खांद्यावर सहा पायांचं मांजरासारखं जनावर, त्याचं नाव निमिट्झ! सुरुवातीला हसू आलं.

पण मग बाईंची बदली होते. वरिष्ठांची मर्जी गेली की होते तशी, कोपऱ्यातल्या ठाण्यावर. दुसरं जहाज असतं, त्याचा कप्तान दुरुस्तीचं निमित्त काढून निघून जातो. उरतं हिचं एकटं 'फिअरलेस' आणि काम काय, तर जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापारी जहाजांची झडती! इथे मी सावरून बसलो. आमचं मोपा पत्रादेवीजवळचं. १९६१ पर्यंत पलीकडे बांद्याला जायचं तर पोर्तुगीजांचा नाका लागे. मोठ्यांकडून त्या झडत्यांचे किस्से ऐकतच वाढलो. पुढे बँकेत खनिज निर्यातीची बिलं तपासण्यात वर्षं गेली. माल काय लिहिलाय आणि जहाजात काय भरलंय, यातली तफावत पकडण्यात काय मजा असते, ते मला कोणी सांगायला नको. आपल्याकडे कान्होजी आंग्रेंनी दस्तकाशिवाय जहाज सोडायचं नाही असा नेम केला, तेव्हा इंग्रजांना झोंबलंच ना? समुद्रावर हुकूम कोणाचा, हे शेवटी कागद कोण तपासतो यावरच ठरतं. बाई नेमकं तेच करतात आणि त्यातूनच शेजारच्या राष्ट्राचा डाव उघडा पडतो.

दोष आहेत. शेवटच्या पाठलागात जीव टांगणीला लागलेला असताना लेखक मध्येच अंतराळप्रवासाचा इतिहास सांगत बसतो. सरळ पानं उलटली. शत्रुपक्षही जरा सोयीपुरताच रंगवलाय.

मात्र शेवटची लढाई मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. जहाज वाचतं, पण माणसं फार मरतात. अर्धशतक आधी वाचलं असतं तर विजयाचाच आनंद झाला असता. आता मेलेल्यांच्या घरचे डोळ्यांपुढे येतात.

याला कारण आहे. आमची नात बारावीत आहे, तिला एनडीएतून नौदलात जायचंय. २०२२ पासून तिथे मुलींनाही घेतात. सूनबाईंचा ठाम नकार, मुलगा गप्प. पुस्तक तिचंच. तिने माझ्याशी वाद घातला नाही, फक्त एकदा विचारलं, "आबा, दादाने हेच म्हटलं असतं तर?"

दिवाडीवर बांधलेली 'तारिणी' सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये शिडावर जगाभोवती फिरवून आणली. सुटली आपल्याच गोव्यातून आणि परतलीही गोव्यातच. पुन्हा २०२४-२५ मध्ये दोघीच गेल्या, आठ महिने. तेव्हा पेपरात बातमी वाचून मीच नातीला कौतुकाने दाखवली होती. दुसऱ्यांच्या लेकींचं कौतुक सोपं असतं, मंडळी.

रविवारी सूनबाईंशी बोलणार आहे. त्या माझं ऐकतील असं नाही. पण आबा कोणत्या बाजूला आहेत, हे त्या पोरीला कळायला हवं.