नकारातला 'तू'

बरीच वर्षं मी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचा होतो. १९४३ च्या ग्रंथातलं त्याचं एक चित्र मला माणसामाणसांतल्या नात्यांसाठी पुरेसं वाटायचं: कुणी कुलपाच्या भोकातून आत डोकावतोय, मागे पावलं वाजतात, आणि पाहणारा क्षणात स्वतःच कुणाच्या तरी नजरेतली वस्तू होऊन बसतो. कचेरीत, घरात, लग्नाच्या पंगतीत मला हेच दिसे. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबरचं १९२३ चं 'मी आणि तू' तेव्हाही वाचलं होतं. समोरचा कधी 'ते' असतो, उपयोगाचा, मोजमापाचा. कधी 'तू' असतो, आणि त्याच्यापुढे आपण पूर्णपणे हजर असतो. मला हे भाबडं वाटलं. संवाद म्हणजे जवळीक आणि जवळीक म्हणजे होकार, असंच मी धरून चाललो होतो.

माझं मत फिरवलं ते बूबरच्या एका पत्रानं.

नोव्हेंबर १९३८. जर्मनीत ज्यूंचे सिनेगॉग जाळले गेल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींनी 'हरिजन'साठी लेख लिहिला: जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, आणि पॅलेस्टाईन अरबांचं आहे. बूबर त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला आला होता. गांधीजींविषयी त्याला मनापासून आदर होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यानं त्यांना अनावृत पत्र लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या सत्याग्रहात उतरलेल्या हिंदी माणसांच्या पाठीशी कोट्यवधींचा देश होता, याची तो आठवण देतो. छळछावणीत मरणाऱ्याचं बलिदान जगाला दिसतच नाही, मग त्याची साक्ष कुणाच्या मनाला पोचणार, असं विचारतो. अरबांचा हक्क मात्र तो झटकून टाकत नाही. पुढे तो सांगतो की पत्र फार सावकाश लिहिलं गेलं, दोन छोट्या परिच्छेदांमध्ये कधी दिवसच्या दिवस गेले. आपल्या समाजाच्या बचावाच्या भरात आपण सामूहिक स्वार्थाला तर बळी पडत नाही ना, हे तो रात्रंदिवस तपासत होता.

ज्याला ठाम 'नाही' म्हणायचं, त्याच्यासाठी इतकं थांबायचं! हे वाचल्यावर सार्त्रचं चित्र मी पुन्हा पाहिलं. त्या दाराशी कुणी कुणाशी बोलतच नाही. नुसत्या नजरेतून सार्त्रनं नात्यांचा निवाडा केला आणि मी तो मान्य केला होता.

समोरच्यासाठी असं थांबणं बूबरलाही आयतं सापडलेलं नाही. १९१४ मध्ये एक तरुण त्याला भेटायला आला. बूबर गूढ ध्यानाच्या तंद्रीतून नुकताच उठला होता. त्यानं सौजन्यानं उत्तरं दिली. त्या तरुणानं न विचारलेला प्रश्न तेवढा त्याला ऐकू आला नाही. पुढे तो तरुण महायुद्धात मारला गेला. माणसांपासून दूर नेणारी ती तंद्री बूबरनं यानंतर सोडली.

एक गोष्ट मला अजून छळते. गांधीजींचं उत्तर कुठेच सापडत नाही. पत्र त्यांच्या हाती पडलं का, हेही पक्कं नाही. बूबर तर परस्परतेवर जोर देणारा. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सशी झालेल्या चर्चेत, उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यात पूर्ण समानता नसते, असं त्यानं बजावलं होतं. त्या न्यायानं हे पत्र अर्धंच ठरेल. तरी मी त्याला संवाद म्हणतो. उत्तर न येताही त्यानं लिहिणाऱ्याला बदललं होतं.