दगडापुढे उभं राहून

अथेन्समधल्या ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ या संस्थेच्या अभ्यासदौऱ्यांचा एक जुना नेम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक वास्तू आधीच नेमून दिलेली असते. कुणाच्या वाट्याला देऊळ येतं, कुणाच्या वाट्याला वेस, तर कुणाच्या वाट्याला जमिनीलगत उरलेला नुसता पाया. बस त्या जागी पोचली की त्या विद्यार्थ्यानं पुढे व्हायचं, दगडांपुढे उभं राहून त्यांची हकिगत सांगायची आणि मग सोबत्यांच्या, प्राध्यापकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. भिंतीची ही दुरुस्ती कुठल्या काळातली? हा खांब इथलाच, की दुसरीकडून आणून बसवलेला? ग्रंथालयात महिनाभर बसून जमवलेली माहिती आणि समोरचा दगड यांचा मेळ बसत नसेल, तर ते तिथल्या तिथे उघडं पडतं.

ही संस्था १८८१ साली अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी मिळून काढली. शरद ऋतूत ग्रीसभर दौरे, हिवाळ्यात अथेन्स आणि भोवतालचा अ‍ॅटिका प्रदेश, वसंतात कॉरिंथच्या उत्खननावर प्रत्यक्ष काम, असा तिथला वर्षाचा क्रम. कॉरिंथचं खोदकाम १८९६ पासूनचं आहे, अथेन्सच्या अगोराचं १९३१ पासूनचं. दौऱ्यावरच्या सामानात पॉसेनियस हटकून असतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या गृहस्थानं ग्रीस पायाखाली घातला आणि जे पाहिलं ते दहा भागांत लिहून ठेवलं. कुठलं देऊळ कुठल्या वाटेवर, कुठल्या मूर्तीबद्दल गावकरी काय सांगतात, हे त्यानं इतकं नेटकं टिपलं आहे की पुढच्या काळातल्या संशोधकांनी त्याच्या बोटाला धरून कित्येक जागा ओळखल्या.

अगोरा म्हणजे अथेन्सचा बाजार, कचेऱ्या आणि न्यायालयं, सगळं एकत्र. तिथल्या संग्रहालयात खापराचे तुकडे मांडले आहेत आणि त्यांवर माणसांची नावं कोरलेली आहेत. एखादा पुढारी डोईजड होतोय असं वाटलं, की अथेन्सचे नागरिक खापरीवर त्याचं नाव लिहून मत देत. किमान ६,००० मतांची अट होती आणि ज्याच्यावर पाळी येई त्याला १० वर्षं शहराबाहेर राहावं लागे. १९३७ साली अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशा सुमारे १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव होतं, थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याचं. अक्षर मात्र जेमतेम १४ हातांचं. म्हणजे कुणीतरी बसून हे गठ्ठे आधीच तयार केले होते. कशासाठी? ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची सोय म्हणून, की ठरवून चालवलेल्या मोहिमेचा भाग म्हणून? वर्गात हा प्रश्न दोन मिनिटांत मागे पडतो. खापऱ्या डोळ्यांसमोर असल्या की तो लवकर सुटत नाही. कोरणाऱ्याचा हात कुठे घसरला, कुणाचं अक्षर वळणदार, कुणाचं घाईचं, हे दिसू लागतं. लोकशाहीच्या जन्मभूमीतही मतं कुणाकडून तरी ‘तयार’ होत होती, हे एकदा कळलं की त्या लोकांविषयीचा आदर कमी होत नाही. उलट ती माणसं जवळची वाटू लागतात.

अ‍ॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉनची गोष्ट वेगळी. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये काम सुरू झालेल्या या देवळाची पायरी सरळ दिसते, पण सरळ नाही. लांबीच्या बाजूला ती मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर उचललेली आहे. वाकून डोळा पायरीच्या पातळीला आणला तरच तो बाक लक्षात येतो. छायाचित्रातून ही गोष्ट कळायला फार कठीण. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

एपिडॉरसच्या नाट्यगृहात पोचल्यावर घोळक्यातला कुणीतरी मध्यभागी जाऊन नाणं टाकतोच, आणि बाकीचे धापा टाकत ५५ व्या रांगेपर्यंत चढून कान देतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं हे बांधकाम, आणि टाचणी पडली तरी वर ऐकू येते ही त्याची ख्याती. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्रं लावून ही ख्याती तपासली. नाण्याचा आवाज वरपर्यंत पोचतो, पण तो नाण्याचाच आहे हे मागच्या रांगांत ओळखता येत नाही. कुजबुज तर पुढच्या बैठकींपलीकडे समजत नाही. नट आवाज खुला सोडून बोलला, तर मात्र सगळ्यांना ऐकू जातं. या निष्कर्षानं त्या जागेचं मोठेपण तसूभरही कमी झालेलं नाही. हजारो माणसं उघड्यावर बसून एका माणसाचं बोलणं ऐकत होती, ही गोष्ट टाचणीच्या दंतकथेहून कितीतरी मोठी आहे. पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ हे ग्रीक नाटक मराठीत आणलं, विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणलं. ही पुस्तकं हाती घेणाऱ्या मराठी वाचकानं त्या शब्दांमागे ही दगडी उतरंड आणि हा खुला आवाज कल्पून पाहावा.

अशा दौऱ्यांतून काय उभं राहू शकतं याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे हॅरिएट बॉइड. ही तरुणी १८९६ मध्ये याच संस्थेत शिकायला आली. तिला जमीन खणायची होती. त्या काळी बाईनं ग्रंथालयात बसावं, खणणं पुरुषांनी करावं, असा रिवाज होता आणि तिला तसंच सुचवलं गेलं. तिनं शिष्यवृत्तीचे उरलेले पैसे घेतले आणि १९०० मध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीबरोबर क्रीट बेट गाठलं. खेचरावर बसून गावोगाव हिंडली, शेतकऱ्यांना विचारत राहिली. पुढच्याच वर्षी तिला गुर्निया सापडलं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स त्याच बेटावर नॉसोसचा राजवाडा उकरत होते. बॉइडच्या हाती मात्र अख्खं गाव लागलं. फरसबंद अरुंद गल्ल्या, लहान लहान घरं, सुताराची हत्यारं. १९०१, १९०३ आणि १९०४ असे तीन हंगाम तिनं शंभराहून अधिक मजुरांचं काम चालवलं आणि १९०८ मध्ये सगळा वृत्तांत छापला. राजवाड्यांनी भरलेल्या इतिहासात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला तिनं जागा करून दिली. तिच्या नावाची ओळख आपल्याकडे फारशी नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आणि याच कारणानं ग्रीसचा दौरा अ‍ॅक्रोपोलिसवर संपता कामा नये. अथेन्सपासून आग्नेयेला, समुद्राकडे, लॉरियनच्या चांदीच्या खाणी आहेत. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास तिथे चांदीची मोठी शीर लागली. तो पैसा नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी लढाऊ नौका बांधाव्यात असं लोकांच्या गळी उतरवणारा माणूस म्हणजे खापऱ्यांवरचा तोच थेमिस्टोक्लीस. ४८० मध्ये सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार हरलं ते या नौकांमुळे. अथेन्सचं वैभव पुढे फुललं त्याच्या मुळाशी ही चांदी होती.

ती खणत होते गुलाम. खाणीतले बोगदे पुष्कळ ठिकाणी मीटरभर उंचीचेही नाहीत; माणूस आत रांगतच जाणार, तेलाच्या मिणमिणत्या दिव्यावर. ग्रीक लेखक झेनोफन लिहून ठेवतो की निकियस या सेनानीनं १,००० माणसं खाणीला भाड्यानं दिली होती, दर माणशी दिवसाला एक ओबोल या दरानं. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की पुढे स्पार्टानं अ‍ॅटिकात ठाणं दिलं तेव्हा २०,००० हून जास्त गुलाम पळून गेले. हे आकडे वाचणं वेगळं आणि याच खाणपट्ट्यातल्या थोरिकोसला उभं राहणं वेगळं. तिथे ग्रीसमधल्या अगदी जुन्या नाट्यगृहांपैकी एक आहे, लांबट, वेड्यावाकड्या आकाराचं, आणि त्याच्या अगदी जवळ खाणीचं तोंड आहे. नाटक आणि खाण शेजारी शेजारी. त्या दोन्हींच्या मधे उभं राहून ज्या विद्यार्थ्याला बोलावं लागेल, त्याला ग्रीक संस्कृतीबद्दल गोड गोड बोलता येणार नाही, आणि तिचा नुसता धिक्कारही करता येणार नाही. एका डोंगरउतारावर या दोन्ही गोष्टी एकाच लोकांनी कशा नांदवल्या, हे त्याला समजून घ्यावं लागेल. थोरिकोस वगळणारा दौरा अर्धाच होतो.

अशा शिक्षणाला अथेन्सच गाठावं लागतं असं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन, म्हणजे ग्रीक म्हणवल्या गेलेल्या, दात्यांचे लेख कोरलेले आहेत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती आहे. पुरातत्त्वाचे विद्यार्थी या जागा जाणतात. इतिहास, साहित्य, नाटक शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला मात्र गटागटानं फोटो काढून परतण्याची सहलच बहुधा येते. महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती आहे, की यंदाच्या हिवाळ्यात कार्ल्याला जाताना प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक खांब महिनाभर आधी नेमून द्या. तो लेख त्यानं वाचून यावा, त्या खांबापुढे उभं राहून वीस मिनिटं बोलावं आणि बाकीच्यांनी त्याला मनसोक्त प्रश्न विचारावेत.