थोडक्या ओळींचा कारभार

लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज बांधण्याचे जे काम मी वर्ध्यात बसून करीत असतो, ते वाचकांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. परंतु ज्याने आपल्या लिनक्स संगणकावर ‘लोहित देवनागरी’ या फॉन्टातून मराठी मजकूर वाचला असेल, त्याच्यापर्यंत ती अक्षरे अशाच एका पॅकेजातून पोहोचलेली आहेत. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या आणि पुढे तिच्या पुण्यातील मंडळींनी आस्थेने सांभाळलेल्या या फॉन्टकुलात एके काळी हिंदी, मराठी, नेपाळी यांसाठी निरनिराळे देवनागरी फॉन्ट होते. लिपी एक, बहुतेक आकृती त्याच, आणि भेद मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ यांसारख्या मोजक्या स्थळी. कालांतराने ते सर्व एका फॉन्टात विलीन झाले, आणि भाषापरत्वे पडणारा फरक तेवढा त्याच्या अंतर्गत नियमांत नोंदला गेला.

हाच विचार ज्या साधनाने हे पॅकेज बांधले जाते त्या ‘मॉक’च्या सेटिंगांतही पुढे उतरला, हे मला विशेष समाधानाचे वाटते. मॉक प्रत्येक बांधणीसाठी यजमान संगणकापासून अलग असे स्वच्छ आवार उभे करते, पॅकेजाच्या लेखी वर्णनात मागितलेली साधनेच तेथे आणते, आणि मगच कामास आरंभ करते. लोहित बांधण्यास ‘फॉन्टफोर्ज’ हे फॉन्ट घडवण्याचे साधन लागते. ते माझ्या संगणकावर हजर असून वर्णनात त्याची मागणी नोंदलेली नसेल, तर बांधणी माझ्या घरी निर्विघ्न पार पडेल आणि परक्या यंत्रावर अडेल. मॉकच्या आवारात ही उणीव तत्काळ उघडी पडते, आणि म्हणूनच ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीची मध्यवर्ती बांधणी-यंत्रणा ‘कोजी’ हीदेखील मॉकवरच विसंबून आहे.

पूर्वी मात्र मॉकच्या सेटिंगांचे दप्तर फार अवजड होते. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीसाठी, आणि तीतही प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी, स्वतंत्र फाइल असे. आणि पॅकेजे जेथून आणायची त्या रिपॉझिटरींचे पत्ते, सह्या पडताळण्याच्या किल्ल्या हा सारा तपशील प्रत्येकीत पुनःपुन्हा लिहिलेला असे. जमीन महसुलाचा अवघा कायदा वर्धा जिल्ह्याच्या आठही तहसिलींत नकलून ठेवावा, आष्टीच्या प्रतीत आष्टीचे आणि हिंगणघाटच्या प्रतीत हिंगणघाटचे नाव तेवढे घालावे, आणि एक कलम बदलले की आठही ठिकाणी दुरुस्ती रुजू करीत फिरावे, अशातलाच तो प्रकार होता. २०२० साली मॉकची दुसरी प्रमुख आवृत्ती आली, तेव्हा समाईक मजकूर टेम्प्लेटांत, म्हणजे सामाईक साच्यांत, गेला. आता फाइलीत आवृत्तीचा क्रमांक, प्रोसेसरची जात, बांधणी कोणत्या यंत्रांवर चालावी याची मर्यादा आणि टेम्प्लेटाचा हवाला, एवढ्याच ओळी उरतात.

येथे एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: सुलभता कोणासाठी? आमच्या वर्ध्यातच १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या प्रकाशनांत ‘अि, अी, अु, अू’ अशी स्वरमाला आढळते. काका कालेलकर प्रभृतींनी पुरस्कारलेल्या त्या सुधारणेने मुद्रकाच्या पेटीतील खिळे कमी होत होते, हा लाभ खराच. पण वाचनास सरावलेल्या डोळ्याला प्रत्येक शब्दापाशी नवी सवय करावी लागे, आणि ती पद्धत अखेर रूढ झाली नाही. श्रम एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर गेले होते.

टेम्प्लेटांतही हा धोका आहेच. फाइल आखूड झाली, परंतु रिपॉझिटरीचा पत्ता आला कोठून, हे नवख्याला तीत दिसेनासे झाले. मॉकच्या कर्त्यांनी याची तरतूद केली, हे मी त्यांचे मोठे श्रेय मानतो: एक आज्ञा दिली असता मॉक सर्व टेम्प्लेटे उलगडून, प्रत्यक्षात अंमलात येणारे प्रत्येक सेटिंग पडद्यावर मांडते. ही सोय नसती, तर मी या सुधारणेचा पुरस्कर्ता झालो नसतो.

जी मूल्ये कोणी न सांगताच लागू होतात, त्यांची निवडही मला तितकीच मोलाची वाटते. एकदा उभारलेले मूळ आवार मॉक गुंडाळून जपून ठेवते आणि १५ दिवसांपर्यंत पुन्हा वापरते. डाउनलोड केलेली पॅकेजेही राखून ठेवते. मोबाइलच्या इंटरनेटवर भागवणाऱ्या आर्वी-कारंज्याकडील विद्यार्थ्याला हा लाभ एकही ओळ न लिहिता मिळतो. याउलट सारे आवार मेमरीत उभारण्याची मुभा आहे, पण ती आरंभी बंद असते, आणि साध्या यंत्रांचा विचार करता तेच युक्त आहे.

माझ्याकडे शिकावयास येणाऱ्यांना मूळ फाइलींना हात न लावता, मॉक सर्वांत शेवटी वाचते त्या आपल्या खासगी फाइलीतच फेरफार करावयास मी सांगतो, आणि प्रत्येक फेरफारावर त्याचे कारण मराठीतून लिहून घेतो. ही फाइल पायथन भाषेतील असल्यामुळे, आरंभी टिप्पणीचे चिन्ह असलेली देवनागरी ओळ मॉक बिनतक्रार ओलांडून पुढे जाते.