बेसमेंटमधली हवा

एमएस्सीनंतर सांगलीतल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं फिजिक्स शिकवत होते. युरेनियमची साखळी मी न बघता फळ्यावर लिहायची. युरेनियम २३८, अर्धायुष्य साधारण ४५० कोटी वर्षं. खाली येता येता रेडियम २२६, १६०० वर्षं. मग रेडॉन २२२, ३.८ दिवस. मग पोलोनियम, शिसं, बिस्मथ... पोरं भराभर उतरवून घ्यायची, कारण परीक्षेत हमखास यायचं. त्या साखळीत रेडॉन हा एकटाच वायू आहे हेही मी सांगायचे. वायू आहे म्हणजे तो कुठेतरी जाणार, हे मात्र कधी सांगितल्याचं आठवत नाही. आणि मलाही कधी सुचलं नव्हतं, हे जास्त खरं.

तर झालं असं की २०१३ मध्ये आम्ही पूर्व पेनसिल्वेनियात घर घेतलं. रेडिंग नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर. घर घेण्याआधी इन्स्पेक्शन करतात, तसं आम्हीही केलं. इन्स्पेक्टरने छप्पर बघितलं, नळ सोडून बघितले, आणि जाता जाता म्हणाला, रेडॉन टेस्ट करायची असेल तर १५० डॉलर वेगळे पडतील. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. घरात फिजिक्सवाली मी ना! मी म्हटलं, राहू दे, हे सगळे पैसे काढायचे धंदे. डाऊन पेमेंटसाठी आम्ही आधीच इकडून तिकडून गोळा करत होतो. त्यामुळे ते १५० डॉलर वाचले याचा आनंदच झाला.

घराला बेसमेंट होतं, आणि तेही छान लाकडी पॅनेलिंग केलेलं, स्वतंत्र बाथरूम असलेलं. त्यामुळे २०१४ च्या हिवाळ्यात आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांची सोय तिथेच केली. आईला खाली दोन दिवसांतच कोंदट वाटायला लागलं. "अगं, या खोलीला खिडकीच नाही धड. ती वरची फट तरी उघड जरा." मी म्हटलं, आई, बाहेर उणे दहा आहे, हीटिंगचं बिल कोण भरणार? ती गप्प बसली. पुढे २०२० मध्ये शाळा घरी आली. लेकाने आपला कॉम्प्युटर उचलला आणि बेसमेंटात मुक्काम ठोकला. शाळा खाली, गेम खाली, झोप खाली. जेवायला वर यायचा तो उपकार केल्यासारखा.

आमच्या समोरच्या घरात एक आजी एकट्याच राहायच्या. दर दिवाळीला माझ्याकडून चकल्या न्यायच्या आणि डबा परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायच्या, अगदी आपल्याकडच्यासारखं. जन्मात सिगरेट ओढलेली नाही. २०२१ च्या शेवटी त्या फुप्फुसाच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची मुलगी घर विकायला आली. घेणाऱ्यांनी रेडॉन टेस्ट करून घेतली होती. आकडा ६.२ आला. मुलगी हे सगळं मला गाड्यांवरचा बर्फ काढता काढता सांगत होती. आईला कॅन्सर त्यानेच झाला का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, एका माणसाच्या बाबतीत हे कुणालाच सांगता येत नाही. उत्तर बरोबरच होतं. पण मी घरात आले आणि सरळ बेसमेंटच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. खालून लेकाच्या हसण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कोळशाचं किट आणलं. वीसेक डॉलरचं. छोटीशी डबी, त्यात सक्रिय कोळसा, तो हवेतला रेडॉन धरून ठेवतो. दारं-खिडक्या बारा तास आधीपासून बंद ठेवायच्या, डबी जमिनीपासून हातभर उंचीवर मांडायची, काही दिवसांनी बंद करून लगेच लॅबला पोस्टाने पाठवायची. लगेच, कारण तेच, ३.८ दिवस! आठवड्याने ईमेल आली. १४.८ पिकोक्युरी प्रति लिटर. माझा विश्वास बसला नाही म्हणून दुसरी डबी लावली. १३.९.

आता हा आकडा म्हणजे काय? अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, म्हणते की ४ किंवा त्याहून जास्त असेल तर घर दुरुस्त करा, आणि २ ते ४ असेल तरी विचार करा. जागतिक आरोग्य संघटना २००९ पासून याहून कडक आहे, तिचा आकडा या मापात २.७ च्या आसपास येतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत ०.४ असतो. १४.८ म्हणजे आमच्या बेसमेंटच्या दर लिटर हवेत मिनिटाला ३३ अणू फुटत होते. हे गणित मी रात्री पाकिटाच्या मागच्या बाजूला केलं. ते करताना वर्गातला एक धडा आठवला. अल्फा कण कागदानेही अडतो, म्हणून फारसा घाबरण्यासारखा नाही, असं मी शिकवायचे. अडतो, खरंच आहे. पण फुप्फुसाच्या आत कागद कोण लावणार? रेडॉन आत गेला तसा बहुतेक बाहेरही येतो. तो फुटून तयार होणारं पोलोनियम मात्र धातू. ते धुळीला चिकटतं, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतं आणि तिथे बसल्या बसल्या अल्फा कण सोडतं. पोलोनियम २१८ चं अर्धायुष्य तीन मिनिटं. थुंकून टाकायलाही वेळ नाही.

ईपीएच्या २००३ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. सिगरेटच्या खालोखाल हेच कारण. त्यांचा एक तक्ता आहे, तो मी त्या आठवड्यात इतक्यांदा बघितला की पाठ झाला. जन्मभर १० च्या हवेत राहिलेल्या, कधीच न ओढलेल्या १००० माणसांपैकी साधारण १८ जणांना हा कॅन्सर होऊ शकतो. ओढणाऱ्यांपैकी १५०. लेकाची दोनच वर्षं होती, जन्मभर नव्हे, म्हणजे त्याचा वाटा अगदी लहान. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्या दुसऱ्या आकड्यापाशी अडकायला झालं. बाबा बँकेत होते तेव्हा रोज एक पाकीट ओढायचे. पंचावन्नाव्या वर्षी सोडली. आणि त्यांना मी सहा महिने खाली झोपवलं होतं, वर फटही उघडू न देता.

नवऱ्याचं म्हणणं, सगळ्या गावात असेल, एवढं काय! त्याचं एका अर्थी बरोबर होतं. आमच्या खालून रेडिंग प्राँग नावाचा युरेनियम असलेल्या जुन्या खडकांचा पट्टा जातो, पार न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या म्हणण्याप्रमाणे पेनसिल्वेनियातली सुमारे ४० टक्के घरं ४ च्या वर आहेत. आणि घरातल्या रेडॉनचा सगळ्यांत गाजलेला किस्सा आमच्या जवळच्याच बॉयरटाऊनचा. डिसेंबर १९८४. स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनियर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला होता. केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं, आणि तरी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रातून तो जाताना भोंगा वाजायचा. शेवटी कळलं की तो हे अंगावर घेऊन घरून येतोय! त्याच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाले. बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन त्याला घर सोडावं लागलं, दुरुस्तीनंतर काही महिन्यांनी ते परत आले. त्यांच्या शेजारच्या घरांत तेवढं नव्हतं. हीच तर गंमत आहे. खडक एक, गल्ली एक, पण जमिनीत भेग कुठे आहे आणि घर ती हवा किती ओढतं, यावर सगळं. थंडीत आतली गरम हवा वर चढते आणि घर स्ट्रॉसारखं खालची हवा शोषून घेतं. समोर ६.२, आमच्याकडे १४.८, आणि डावीकडच्यांकडे काय, देव जाणे.

दुरुस्ती मात्र अगदी साधी निघाली, इतकी की लाज वाटली. दोन माणसं आली. बेसमेंटच्या काँक्रीटला एक भोक पाडलं, त्यातून बादलीभर खडी काढली, चार इंची पीव्हीसी पाइप बसवला, तो बाहेरून छपराच्या वर नेला आणि मध्ये एक पंखा लावला. तो पंखा चोवीस तास चालतो आणि जमिनीखालची हवा घरात शिरायच्या आत वर ओढून बाहेर सोडतो. भेगा बुजवल्या, संपच्या खड्ड्यावर झाकण घातलं. अर्धा दिवस आणि १,४०० डॉलर. नंतरची टेस्ट १.१ आली. नऊ वर्षांपूर्वीचे ते १५० डॉलर मला अजून आठवतात.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "मग आपल्याकडे का नाही हे?" म्हटलं, आहे की, माती आहे तिथे थोडा असतोच. पण आपला काळा दगड, बसाल्ट, त्यात युरेनियम कमी. शिवाय घराला तळघर नाही आणि दिवसभर खिडक्या उघड्या. "तेच म्हणत होते मी तेव्हा," आई म्हणाली. मागून बाबा ओरडले, "अगं, माझ्या फुप्फुसात आधीच सिगरेटने जागा अडवलीय, रेडॉनला वेटिंग लिस्ट!" मला हसू आलं नाही. त्यांना डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं, सिगरेटसकट, सांगा म्हटलं. गेले बिचारे. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आला.

२०२३ च्या उन्हाळ्यात दोघं पुन्हा आले. या वेळी वरच्या खोलीत. पाइपवर एक काचेची यू आकाराची नळी लावलेली असते, त्यात रंगीत पाणी. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी असली की पंखा ओढतोय, सारखी झाली की बंद पडला. आईला हे एकदाच समजावून सांगितलं. तेव्हापासून ती रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी खाली जाऊन नळी बघून यायची, गॅसवर दूध ठेवल्यासारखी.

एक दिवस वर येऊन म्हणाली, "डावीकडच्यांना सांगितलंस का गं?"

नव्हतं सांगितलं. त्यांच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे, आणि खाली त्याची खेळायची खोली. उगीच कशाला घाबरवायचं, आपल्याला वेडं समजतील, असं काहीतरी मनात धरून मी वर्षभर फक्त हात हलवत होते. त्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन दोन किटं आणली. आईने चकल्यांचा डबा भरून दिला, आणि आम्ही दोघी मिळून त्यांच्या दाराची बेल वाजवली.