कोलीत कोणाच्या हाती

छऱ्याच्या, म्हणजे हवेच्या बंदुकीला परवाना लागावा का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. कायद्याने तो कधीच निकालात काढला आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरच्या आत आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. त्यापुढे गेली की लागतो. त्याआधी कसोटी होती ती लाकडी फळीची: छर्रा ती भेदतो का. म्हणजे छर्रा किती जोरात जातो एवढंच आपण मोजत आलो. तो कशाला लागणार, हे कुठेच मोजलेलं नाही. चिमणीचं वजन असतं 25-30 ग्रॅम, आणि खेळता खेळता समोर आलेल्या पोराचा डोळा फळीपेक्षा फार मऊ असतो.

अशा वेळी तोंडात येते ती म्हण ठरलेली: माकडाच्या हाती कोलीत. लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहतो तर तिच्यात माकड आहे, कोलीत आहे, पण कोलीत देणारा कुठेच नाही. माकड काही स्वतः चूल पेटवत नाही. पेटतं लाकूड कोणीतरी चुलीतून ओढलं असणार, निष्काळजीपणे अंगणात टाकलं असणार किंवा गंमत म्हणून पुढे केलं असणार. घर जळाल्यावर बोल लागतो तो माकडाला. आणि आधी माकड कोणाला म्हणायचं, हे कोण ठरवणार? परवाना देणं म्हणजे हेच तर ठरवणं. हा हात माकडाचा नाही, असा कागद कचेरीने द्यायचा.

कोकणात तर ही म्हण उलटीच होते. माझ्या मामांच्या वाडीत खरी माकडं झाडावर असतात आणि बंदूक असते माणसाच्या हातात. वानरांची टोळी उतरली की कोवळे नारळ, काजूची बोंडं, परसातला भोपळा, काही शिल्लक राहत नाही. वानर मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मामांना ठाऊक आहे. ‘मारायला नाही रे, नुसती दाखवली तरी टोळी हलते,’ असं ते म्हणतात. ते मला खरं वाटतं. मात्र त्यांच्यानंतर ती बंदूक ज्याच्या हाती जाईल, तोही नुसती दाखवेल, असं मी कसं म्हणू?

म्हणीचा असा पाठलाग करता करता मी एका वेगळ्याच पोराशी येऊन पोहोचलो. गेल्या शतकाच्या आरंभीची मुंबई. वडील नाहीत, आई नाही, मामांच्या घरी वाढणारा मुलगा, हातात छऱ्याची बंदूक. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मुलगा गाडीआड दबा धरून बसला आणि घरट्याबाहेर पहारा देणारा नर त्याने टिपला. मादीने दुसरा नर आणला; त्यालाही टिपलं. आठवड्याभरात एकाच घरट्यावरचे आठ नर त्याने मारले आणि ते सगळं टिपून ठेवलं. पुढे त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा पक्षी कोणता, म्हणून तो मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याच्यापुढे उघडला, पक्षी ओळखायला आणि त्यांची कातडी सोलून जतन करायला शिकवलं. हा मुलगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सलीम अली. 1985 साली आलेल्या आत्मचरित्राचं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नाव त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलं.

मला ही गोष्ट पेलत नाही. आठ नर टिपणाऱ्या पोराला त्या दिवसांत कोणीही माकडच म्हटलं असतं, मीही म्हटलं असतं. परवान्याची अट असती तर बंदूक त्याला मिळाली नसती. आजही शस्त्र परवान्याला वयाची 21 वर्षं पुरी लागतात. त्या बंदुकीविना सलीम अली पक्ष्यांकडे वळले असते का, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि ती बंदूक होती म्हणून आपण चिमण्यांचे आभार मानायचे, हेही मला पटत नाही. ज्या असंख्य पोरांनी पक्षी पाडले आणि कोणाकडेच नेले नाहीत, त्यांची टिपणं कुठे आहेत? त्यांना असे मामा मिळाले नाहीत. मामा परवान्याने मिळत नाहीत.

2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाज अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकलं तेही हवेच्या रायफलीनेच. 10 मीटरवरच्या त्या लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. त्या रायफलीचा जोर 20 ज्यूलच्या बराच खाली. बुलबुल पाडणारी बंदूकही त्याच रेषेखाली बसते. ज्यूल मोजून या दोन हातांतला फरक कधी कळायचा नाही.

अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 मध्ये लुमडुंग गावी लोकांनी आपल्या हवेच्या बंदुका आपणहून सरकारजमा करायला सुरुवात केली. शिकारीने जंगलं मुकी होत चालली होती. पुढे गावोगावी शेकडो बंदुका जमा झाल्या. ते वाचून मला फार बरं वाटलं. पण सगळ्यांनाच बंदूक आपणहून द्यावीशी वाटावी असा कायदा करता येत नाही आणि कायदा होईपर्यंत चिमणीने थांबावं असंही म्हणता येत नाही.

परवाना हवा, असं मी लिहायला बसताना म्हणालो असतो. आता तितक्या जोराने म्हणवत नाही, आणि नको असंही म्हणवत नाही. तुमच्या माळ्यावर अशी एखादी बंदूक पडून असेल तर एवढं करा: ती कुलपात ठेवा आणि घरातल्या पोराला एकट्याला ती हाताळू देऊ नका.