आजोबांची फाईल

परवा आईचा फोन आला. "अरे, अण्णांच्या आठवणी तू टाईप केल्या होत्यास ना? मावशी आता अंथरुणालाच आहे, तिला वाचून दाखवायच्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाक की." आईच्या लेखी दोन मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, साधी फाईल उघडता येणार नाही होय?

नाही आली.

२००२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबा सांगायचे आणि मी टाईप करायचो. चाळीस पानं झाली. २००५ साली आजोबा गेले. हस्तलिखित नव्हतंच, होती ती एक सीडी. ऑफिसातल्या मित्राकडून ड्राइव्ह मागून आणला. सीडी चक्क चालली. फाईलही उघडली. आणि पडद्यावर काय, तर स्लॅश, डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची भेळ!

मंडळी, ज्यांनी त्या काळात मराठी टाईप केलंय त्यांना एव्हाना कळलं असेल. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट एक चलाखी करायचे. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी क, ख, काना, मात्रा अशी चित्रं दाखवायचा. त्यातही प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मराठी हरवलं.

युनिकोडचं तसं नाही. तिथे 'क' चा स्वतःचा क्रमांक आहे २३२५, 'ळ' चा २३५५, मग फॉन्ट कुठलाही असो. गंमत म्हणजे युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २००० मध्ये ती वापरताही यायची. पण आमच्या घरी विंडोज ९८, आणि मला या सगळ्याचा पत्ताच नव्हता. पडद्यावर मराठी दिसलं, प्रिंट नीट आली, विषय संपला.

नेटवर नावाजलेल्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात. माझा फॉन्ट अर्थातच त्यात नव्हता. शेवटी आईच्या कपाटात एक छापलेलं पान सापडलं, पान नंबर ७. तिने फोटो पाठवला आणि शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी एकेक चिन्ह जुळवत बसलो. वाटलं, पायथॉनच्या वीस ओळीत काम होईल. कसलं काय! र्‍हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. पहिल्या झटक्यात सगळ्या वेलांट्या शेजारच्या घरी जाऊन बसल्या :-)

संध्याकाळपर्यंत सगळं जमलं, एक चिन्ह सोडून. ते पान ७ वर कुठे नव्हतंच. वाक्य असं होतं: "वयाच्या बाराव्या वर्षी घरातून पळालो तो थेट क?हाडला." तासभर डोकं खाजवलं. मग आईला फोन करून वाचून दाखवलं.

"अरे, कऱ्हाड! आणि पळालेबिळाले नव्हते अण्णा, शाळेसाठी पाठवलं होतं काकांकडे. तिखटमीठ लावून सांगायची सवयच होती त्यांना."

पाच सेकंद. मी दिवसभर काय करत होतो कोण जाणे.

आजोबांची चाळीस पानं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये जेमतेम अडीचशे केबी भरली. एका सेल्फीला याहून जास्त जागा लागते.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलंही नवीन अ‍ॅप घेताना त्यात काय काय करता येतं हे नंतर बघतो. आपलं सामान उचलून बाहेर कसं पडायचं ते आधी बघतो. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा हळहळ वाटली, पण फीड्सची सगळी यादी एका फाईलमध्ये उतरवून घेता येत होती, त्यामुळे बिऱ्हाड सहज हललं. सेवा बंद पडणारच, कंपन्याही बुडणार. सामान आपल्या हातात राहिलं म्हणजे झालं. माझ्या नोट्स आता साध्या टेक्स्टमध्ये असतात. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत. तुमच्याकडेही जुन्या फॉन्टमधली एखादी फाईल पडलेली असेल, तर तिचं एक पान आजच छापून ठेवा.

रविवारी आईने मावशीला सगळं वाचून दाखवलं. कऱ्हाडच्या वाक्याला दोघी म्हणे खूप हसल्या. मावशीचं म्हणणं, आईला काही माहीत नाही, अण्णा खरंच पळाले होते.

असो. याचा कन्व्हर्टर माझ्याकडे नाही.